जपानी किस्सातेनमधलं परवडणारं दुपारचं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किस्सातेन म्हणजे नेमकं काय? तिथे जेवण मिळतं का?

जपानमधलं जुन्या वळणाचं कॉफीगृह म्हणजे किस्सातेन. मखमलीच्या किंवा रेक्झिनच्या खुर्च्या, गुडघ्याएवढी टेबलं, पिवळसर दिवे, दाराशी काचेच्या कपाटात नमुन्यादाखल मांडलेले प्लास्टिकचे खोटे पदार्थ. चालवणारं बहुधा एखादं वयस्कर जोडपं. पाटीवर ‘जुनकिस्सा’ असेल तर तिथे दारू मिळत नाही असं समजावं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दारू आणि सोबतीला मुली ठेवणारे ‘काफे’ बोकाळले, तेव्हा निव्वळ कॉफीवाल्यांनी आपलं वेगळेपण सांगायला हे नाव घेतलं.

तोक्योत उएनो भागात १८८८ साली उघडलेलं काहीसाकान हे जपानमधलं पहिलं खरंखुरं कॉफीगृह मानतात. १९८१ मध्ये देशभरात सुमारे १ लाख ५४ हजार किस्सातेन होती, २०२१ पर्यंत ती ५८ हजारांच्या आसपास उरली. त्यामुळे आवडलेलं दुकान पुढच्या खेपेला असेलच असं धरून चालू नये.

जेवण सगळीकडे नसतं. जुन्या कायद्यात कॉफीगृहाचा परवाना वेगळा आणि उपाहारगृहाचा वेगळा होता. कॉफीगृहाच्या परवान्यात खरा स्वयंपाक बसत नव्हता. १ जून २०२१ पासून दोन्ही एक झाले, पण ज्यांच्याकडे मुळात स्वयंपाकघरच नाही ते आजही टोस्टच्या पुढे जात नाहीत. काही जण तर हट्टाने फक्त कॉफी देतात. तोक्योच्या गिन्झा भागातलं १९४८ पासूनचं ‘काफे द लाम्ब्र’ हे त्यातलं प्रसिद्ध नाव. तिथे भुकेल्या पोटी जाऊ नये. दुपारी दाराबाहेर फळा किंवा हाताने लिहिलेला कागद टांगलेला दिसला, की आत जेवण आहे.

साधारण किती पैसे लागतात?

तोक्योत दुपारचा सेट, म्हणजे एक पदार्थ आणि एक पेय, बहुधा ९०० ते १,३०० येनमध्ये बसतो. लहान गावांत आणि उपनगरांत ७५० ते १,००० येन. अलीकडच्या दराने १,००० येन म्हणजे ढोबळमानाने साडेपाचशे-सहाशे रुपये. पुण्या-मुंबईच्या थाळीच्या हिशेबाने हे स्वस्त वाटणार नाही, पण तोक्योत टेबलाशी बसून, काचेच्या भांड्यात, आरामात जेवायचं तर हा सौदा चांगला आहे. गंमत अशी, की फायदा जेवणात नसतो, कॉफीत असतो.

हिशेब पाहा. समजा ब्लेंड कॉफी, म्हणजे दुकानाची नेहमीची कॉफी, ५५० येनला आहे आणि नापोरितान, म्हणजे केचपमधली स्पॅगेटी, ८५० येनला. वेगवेगळं घेतलं तर १,४००. तेच दुपारच्या सेटमध्ये १,०५०. म्हणजे कॉफी २०० येनला पडली. किस्सातेनमध्ये कॉफीचे पैसे खरं तर खुर्चीचे असतात. एका कपावर माणूस तास-दीड तास बसणार हे धरूनच दर लावलेला असतो. दुपारी मालकाला खुर्ची लवकर रिकामी व्हायला हवी असते, म्हणून तो खुर्चीचं भाडं कमी करतो. ही सवलत कशाची आहे हे कळलं, की पुढचे बरेच नियम आपोआप कळतात.

दर्शनी किमतीत कर धरलेला असतो का? टिप द्यायची का?

एप्रिल २०२१ पासून करासहित किंमत दाखवणं सक्तीचं आहे. काही दुकानं दोन्ही आकडे छापतात, तेव्हा मोठ्या अक्षरातला आकडा करावेगळा असू शकतो, नीट बघा. बसून खाल्लं तर १० टक्के, बांधून नेलं तर ८ टक्के. टिप नसते. टेबलावर सुटे ठेवून निघालात तर तुमचे पैसे विसरले म्हणून मागे धावत येतील.

किती वाजता जावं?

साडेअकरा किंवा सव्वा वाजता. बारा ते एक ही जपानी कचेऱ्यांची जेवणाची सुट्टी, त्या तासात वीस खुर्च्यांच्या दुकानात दोन माणसं स्वयंपाक, वाढप आणि गल्ला सांभाळत असतात. तेव्हा गेलात तर जागा मिळेल, पण चौकशी करायला, पदार्थात बदल मागायला किंवा निवांत बसायला वाव नाही. मांसाहार न करणाऱ्यांनी तर हा तास टाळावाच, कारण त्यांना चार प्रश्न विचारावे लागणार.

सेट बहुधा ११ किंवा साडेअकराला सुरू होतो आणि २ वाजता बंद होतो. शेवटची ऑर्डर त्याआधी अर्धा तास घेतली जाते. ‘हिगावारी’, म्हणजे त्या दिवसाचा पदार्थ, मोजक्याच ताटांपुरता केलेला असतो. एक वाजता तो संपलेला असू शकतो.

दोन गोष्टींत लोक हमखास फसतात. एक, सेट पुष्कळ ठिकाणी फक्त सोमवार ते शुक्रवार असतो. शनिवार-रविवारी तीच कॉफी, तेच नापोरितान, पण पूर्ण दराने. दोन, कचेऱ्यांच्या भागातली किस्सातेन रविवारी आणि सरकारी सुट्टीला सरळ बंद असतात. सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारपेठा किंवा स्टेशनजवळच्या गल्ल्या गाठाव्यात.

आत गेल्यावर काय करायचं? क्रम सांगाल का?

दारात थांबा आणि बोटांनी माणसं किती ते दाखवा. एकटे असाल तर बहुधा काउंटरवर बसवतील. चौघांचं टेबल स्वतःहून धरू नका. बसलात की पाणी आणि ओला रुमाल येतो, दोन्ही फुकट. सेटचं कार्ड मुख्य मेनूत नसतं, टेबलावर उभं केलेलं किंवा भिंतीला लावलेलं असतं, ते शोधा. सापडलं नाही तर “रान्चि सेत्तो वा आरिमासु का?”, म्हणजे दुपारचा सेट आहे का, असं विचारा.

पदार्थ सांगितला, की पेय कोणतं आणि कधी, असे दोन प्रश्न येतात. ‘होत्तो’ म्हणजे गरम ब्लेंड कॉफी, ‘आइसु’ म्हणजे गार. कधी याचे तीन पर्याय: आधी, जेवणासोबत, जेवणानंतर. “शोकुगो नि ओनेगाइ शिमासु” म्हणा, म्हणजे जेवणानंतर. केचपच्या चवीबरोबर कडक भाजणीची कॉफी तशीही जमत नाही, आणि ताट उचलल्यावर येणाऱ्या कपामुळे तुमची वीस मिनिटांची बैठक रीतसर ठरते.

ओसाका-क्योतोच्या भागात जुनी माणसं गार कॉफीला ‘रेइको’ आणि दुधाच्या छोट्या डबीला ‘फुरेश्शु’ म्हणतात. तुम्ही म्हणायची गरज नाही, ऐकू आलं तर गोंधळू नका एवढंच.

पैसे टेबलावर द्यायचे नसतात. टेबलावर पालथी ठेवलेली चिठ्ठी उचला, दाराजवळच्या गल्ल्यावर द्या, पैसे छोट्या ट्रेमध्ये ठेवा. निघताना “गोचिसोसामा देशिता”, म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणायची रीत आहे.

कार्ड चालतं का?

नाही असंच समजून जा. काही दुकानांत फोनवरून पैसे घेतात, पण ती बहुधा जपानी खात्याशी जोडलेली सोय असते, पर्यटकाच्या फारशा उपयोगाची नाही. खिशात १,००० च्या दोन नोटा आणि नाणी ठेवा. दुपारच्या गर्दीत १०,००० ची नोट पुढे केली तर सुट्ट्यांसाठी मालकाची तारांबळ उडते. स्टेशनवरच्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन नोट आधीच मोडून घ्यावी.

मेनूवर नेहमी काय काय असतं? काय घ्यावं?

बहुतेक ठिकाणी तेच आठ-दहा पदार्थ असतात. नापोरितान म्हणजे केचपमध्ये परतलेली स्पॅगेटी. करी-राइस. पिलाफ, म्हणजे कोळंबी किंवा हॅम घातलेला परतलेला भात. ओमुराइस, म्हणजे केचपभातावर ऑम्लेट. दोरिया, म्हणजे भातावर पांढरा सॉस आणि चीज घालून भट्टीत भाजलेलं. हायाशी राइस, म्हणजे गोमांस आणि कांद्याचा गडद सॉस. मग सँडविच: अंड्याचं, हॅमचं, दोन्ही मिळून ‘मिक्कुसु’. पिझ्झा टोस्ट, जो तोक्योच्या युराकुचोमधल्या ‘बेनिशिका’ने सुरू केला असं सांगतात. आणि हिगावारीत बहुधा आल्याच्या रश्शातलं डुकराचं मांस, तळलेला कटलेट किंवा हॅम्बर्ग (खिम्याची भाजलेली वडी), सोबत भात आणि मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप.

स्वयंपाकाचा दर्जा जोखायचा तर नापोरितान किंवा अंड्याचं सँडविच मागवा. ते तिथल्याच स्वयंपाकघरात, तिथल्याच हातांनी होतं. करी आणि पिलाफच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावेत: लहान दुकानांत करी घाऊक बाजारातल्या पाकिटातली गरम केलेली असू शकते आणि पिलाफ गोठवलेला. त्यात फसवणूक काही नाही, एका माणसाच्या स्वयंपाकघराची ती सोय आहे. पण हजार येन देताना माहीत असावं. ‘जिकासेइ’ म्हणजे घरचं; फळ्यावर करीच्या आधी हा शब्द असेल तर बेलाशक घ्या.

करीवरून आठवलं. ही करी आपल्या ओळखीची नाही. ती इंग्रजांमार्फत जपानात पोचली, मैदा आणि चरबी भाजून दाट केलेली, गोडसर. तिला उत्तर म्हणून १९२७ मध्ये तोक्योतल्या शिंजुकुच्या ‘नाकामुराया’ने आपलं चहापानगृह उघडताना मसाल्यांची ‘अस्सल भारतीय’ करी ठेवली, आणि त्यामागे होते मालकाचे जावई, क्रांतिकारक रासबिहारी बोस. आज ते किस्सातेन नव्हे, मोठं रेस्टॉरंट आहे, पण करी मेनूवर टिकून आहे.

नापोरितानची स्पॅगेटी इतकी मऊ का? जास्त शिजलेली असते का?

हो, आणि मुद्दाम. इटालियन पास्त्याच्या मापाने ती बिघडलेली ठरेल, पण तो पदार्थच वेगळा आहे. युद्धानंतर योकोहामाच्या ‘हॉटेल न्यू ग्रँड’मध्ये टोमॅटो-लसणाच्या सॉसची स्पॅगेटी आली. त्याच शहरातल्या नोगे भागात १९४६ मध्ये उघडलेल्या ‘सेंटर ग्रिल’ने केचपची, लोकांना परवडणारी तऱ्हा रुजवली. तिथे आजही २.२ मिलिमीटर जाडीची स्पॅगेटी स्टीलच्या ताटलीत मिळते.

किस्सातेनमध्ये स्पॅगेटी सकाळी किंवा आदल्या रात्री जास्त उकडून, तेलाचा हात लावून गार ठेवतात. एक कारण वेळेचं: बारा वाजता दहा ऑर्डरी आल्या तर उकडत बसता येत नाही, परतून पाच मिनिटांत ताट द्यायचं असतं. दुसरं कारण पिठूळपणाचं. गार झाल्यावर बाहेरचा स्टार्च घट्ट बसतो, त्यामुळे तव्यावर गोळा होत नाही आणि केचप प्रत्येक दोऱ्याला लागतो. ताजी उकडलेली स्पॅगेटी केचपात टाकली तर चिकट लगदा होतो.

टेबलावर हिरव्या डब्यातलं चीज-पूड आणि टबॅस्को येतो. आधी तसंच खाऊन बघा, अर्ध्यावर आल्यावर दोन्ही घाला. पांढरा शर्ट असेल तर कागदी एप्रन मागायला लाजू नका, शेजारचा साहेबही मागतो. नागोयात हाच पदार्थ तापलेल्या लोखंडी तव्यावर, खाली फेटलेलं अंडं ओतून देतात. अंडं कडेने पटकन घट्ट होतं, म्हणून आल्या आल्या ढवळा.

घरी करायचं तर प्रमाण काय?

एका माणसासाठी: मिळेल ती सर्वांत जाड स्पॅगेटी १०० ग्रॅम, कांदा ५० ग्रॅम, ढोबळी मिरची ३०-४० ग्रॅम, मशरूम ३, सॉसेज किंवा हॅम ४० ग्रॅम, केचप ६० ग्रॅम, लोणी १० ग्रॅम, दूध १ मोठा चमचा, वूस्टर सॉस अर्धा छोटा चमचा.

एक लिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ घालून स्पॅगेटी पाकिटावरच्या वेळेपेक्षा २ मिनिटं जास्त उकडा. गार पाण्याखाली धुऊन पूर्ण निथळा, एक छोटा चमचा तेल चोळा, झाकून फ्रिजमध्ये किमान ३-४ तास, जमल्यास रात्रभर ठेवा. १०० ग्रॅमची २३०-२५० ग्रॅम होते.

मोठ्या कढईत किंवा तव्यात मध्यम-मोठ्या आचेवर तेल तापवून उभा चिरलेला कांदा २ मिनिटं परता, मग सॉसेज आणि मशरूम. आता सगळं एका बाजूला सारा आणि केचप रिकाम्या जागेवर ओता. त्याला तिथेच मिनिटभर फुटू द्या. रंग लालवरून विटकरीकडे झुकला आणि कडेला तेल दिसलं की झालं. मग स्पॅगेटी, त्यावर एक मोठा चमचा पाणी, आणि २ मिनिटं चिमट्याने उचलून परता. ढोबळी मिरची शेवटी, नाहीतर तिचा कुरकुरीतपणा जातो. दूध, वूस्टर, लोणी घालून आच बंद.

बिघडतं ते बहुधा तीन जागी. केचप स्पॅगेटीवर ओतला तर त्यातलं पाणी उडत नाही, पदार्थ आंबट आणि ओला राहतो. फ्रिजमधली स्पॅगेटी पाणी न शिंपडता परतली तर तुकडे पडतात. आणि दोघा-चौघांचं एकाच तव्यात केलं तर तवा थंड पडतो, परतण्याऐवजी वाफवलं जातं. दोन माणसांपुढे घाणे वेगळे करा. आपल्याकडचे केचप जरा जास्तच गोड असतात, म्हणून ४५ ग्रॅम केचप आणि २० ग्रॅम साधी टोमॅटो प्युरी असं मिश्रण बरं. शाकाहारी करायचं तर सॉसेजऐवजी मशरूम दुप्पट घ्या आणि वूस्टरची बाटली तपासा, पुष्कळांत अँचोव्ही मासा असतो.

शाकाहारी माणसाला काय मिळेल?

कमी, पण उपाशी राहावं लागत नाही. आधी काय टाळायचं ते पाहू, कारण मांस दिसत नाही तिथेच खरा घोळ असतो. करीच्या सॉसमध्ये गोमांस किंवा डुकराची चरबी आणि हाडांचा अर्क असतो, वरचं मांस काढून उपयोग नाही. पिलाफचा भात कॉन्सोमे पावडरीत, म्हणजे मांसाच्या अर्काच्या पुडीत, परततात. दोरियाचा पांढरा सॉस पुष्कळदा चिकनच्या अर्कात करतात. मिसो सूपचा पाया सुकवलेल्या बोनिटो माशाचा. कॉफी जेलीत जिलेटिन असू शकतं.

दुसरी अडचण अशी, की “निकु” म्हणजे मांस नको असं सांगितलं तरी हॅम, बेकन आणि सॉसेज ताटात येऊ शकतं. बोलीत ‘निकु’ म्हटलं की डोळ्यापुढे मांसाचा तुकडा येतो, हॅमचा पापुद्रा त्यात धरला जात नाही. म्हणून पदार्थाचं नाव घेऊन सांगा: “हामु नुकि दे ओनेगाइ शिमासु”, हॅम वगळून द्या. बेकनसाठी ‘बेकोन’, सॉसेजसाठी ‘उइन्ना’. सँडविच आणि पिझ्झा टोस्टमधून हे सहज वगळतात. नापोरितानमधून वगळतील की नाही हे सॉस आधी करून ठेवला आहे की नाही यावर अवलंबून. तवा तोच राहणार, हे गृहीत धरा.

अंडं चालत असेल तर काम सोपं होतं: अंड्याचं सँडविच, हॉटकेक. तोक्योकडे उकडलेलं अंडं कुस्करून मेयोनेजमध्ये घालतात. ओसाका-क्योतोकडे जाड ऑम्लेट गरमच पावात घालतात, पण त्यात माशाचा अर्क असू शकतो, विचारून घ्या.

अंडंही नको असेल तर लोण्याचा टोस्ट, चीज टोस्ट, काकडी-टोमॅटोचं सँडविच आणि नागोयाचा ओगुरा टोस्ट, म्हणजे लोण्यावर अझुकी या चवळीसारख्या लाल कडधान्याचं गोड पुरण. मेयोनेज मात्र अंड्याचंच असतं. दूध-लोणीही वर्ज्य करणाऱ्यांना आणि जैन आहार पाळणाऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगू: किस्सातेनमध्ये कॉफी घ्या, जेवण दुसरीकडे करा. पावात दूध, सॉसमध्ये कांदा, आणि विचारपूस करायला भाषा नाही. त्यात दोन्ही बाजूंची ओढाताण होते. पूर्व तोक्योच्या निशि-कासाइ भागात भारतीय वस्ती मोठी आहे, तिथे शाकाहारी जेवणाची सोय चांगली होते.

टोस्टने पोट भरतं का?

जाडीवर अवलंबून. जपानी पावाची लादी किती कापांत केली यावरून जाडी सांगतात. सहा कापांचा एक काप साधारण २ सेंटिमीटरचा, चार कापांचा ३ सेंटिमीटरचा. तोक्योकडे पातळ आवडतो, ओसाकाकडे जाड. चार कापांचा टोस्ट, उकडलेलं अंडं आणि सॅलड घेतलं तर मध्यम भूक भागते.

जाड टोस्ट चांगला झालाय की नाही ते कडेवरून ओळखा. भाजण्याआधी सुरीने उभ्या-आडव्या अर्ध्या खोलीपर्यंत चिरा दिल्या असतील तर लोणी आत उतरतं आणि चौकोन हाताने तुटतात. चिरा नसतील तर वरचा थर तुपकट आणि आतला पाव कोरडा.

नागोयात म्हणे कॉफीवर नाश्ता फुकट मिळतो. त्यावरच दुपार काढता येईल का?

‘मॉर्निंग’ म्हणतात ते हे. सकाळी कॉफीच्या दरात टोस्ट आणि उकडलेलं अंडं, काही ठिकाणी सॅलडही. उगम नागोयाजवळच्या इचिनोमिया या कापडगिरण्यांच्या गावात सांगतात: मागांच्या खडखडाटात बोलणी करता येत नसत, म्हणून मालक पाहुण्यांना घेऊन किस्सातेनमध्ये बसत.

वेळ बहुधा ११ वाजेपर्यंत, १९६८ पासूनच्या ‘कोमेदा’ या नागोयाच्या साखळीतही तेच. पावणेअकराला जाऊन ‘मॉर्निंग’ घेतली तर ती जेवणाच्या जागी चालून जाते आणि खर्च फक्त कॉफीचा. नागोयाच्या आसपास काही दुकानं हे दिवसभर देतात. दुपारी नुसती कॉफी घेतली तरी बशीत खारे शेंगदाणे येतात ते वेगळंच. तिथे राहणाऱ्यांनी कॉफीची कुपनं घ्यावीत: दहाच्या पैशांत अकरा, आणि पुष्कळ दुकानं ती गिऱ्हाइकाच्या नावाने भिंतीवरच टांगून ठेवतात.

सिगारेटचा धूर असतो का?

असू शकतो. १ एप्रिल २०२० पासून उपाहारगृहांत धूम्रपानाला बंदी आहे, पण आधीपासून चालू असलेल्या, १०० चौरस मीटरपर्यंत बसायची जागा असलेल्या छोट्या दुकानांना सूट मिळते. जुनी किस्सातेन नेमकी यातच बसतात. तोक्योचा स्थानिक नियम अधिक कडक आहे, नोकर ठेवलेला असेल तर ही सूट नाही. फक्त घरचीच माणसं चालवत असतील तरच. दारावर सूचना लावणं बंधनकारक आहे. धूम्रपानाची परवानगी असलेल्या भागात २० वर्षांखालच्या कोणालाही घेत नाहीत, कडेवरचं मूलही त्यात आलं. कुटुंबासह जाताना ही पाटी आधी पाहा, ऑर्डर दिल्यावर उठावं लागलं तर सगळ्यांनाच अवघड होतं.

किती वेळ बसता येतं? लॅपटॉप चालेल?

बारा ते एकमध्ये कॉफी संपली की उठावं. कोणी हाकलणार नाही, पाण्याचा पेला पुन्हा भरून जातील, पण दाराशी लोक उभे असताना बसून राहणं बरं दिसत नाही. खुर्चीचं भाडं तुम्ही सवलतीत दिलंय, हे आठवावं. दोननंतर तासभर खुशाल बसा. इराण्याच्या हॉटेलात एका चहावर पेपर वाचत बसणारी माणसं ज्यांना आठवतात, त्यांना तिथला हिशेब शिकवावा लागणार नाही. लॅपटॉप उघडण्याआधी विचारा. टेबलं बुटकी, प्लग क्वचित, आणि काही मालकांना टकटक खपत नाही. ताटाचा फोटो चालतो. दुकानाचा आणि माणसांचा काढायचा तर परवानगी घ्या.

दोघांत एक सेट चालेल का? उरलं तर बांधून मिळतं?

दोन्ही नाही. माणशी एक ऑर्डर हा अलिखित नियम आहे, पुष्कळदा लिहिलेलाही असतो. दोघांपैकी एकालाच भूक असेल तर एकाने सेट आणि दुसऱ्याने नुसती कॉफी घ्यावी. उरलेलं अन्न बांधून देत नाहीत, बाहेर ते बिघडलं तर बोल दुकानावर येतो. म्हणून आधीच सांगा: “गोहान सुकुनामे दे”, भात कमी. जास्त हवा असेल तर ‘ओमोरि’, त्याचे १०० ते १५० येन जादा.

सुरुवात कुठून करावी?

तोक्योत जिंबोचोची जुन्या पुस्तकांची गल्ली. १९५५ पासूनच्या ‘साबोरु’च्या शेजारीच ‘साबोरु-२’ आहे. जेवायचं ते दुसऱ्यात, नापोरितानचा डोंगर असतो, बेताच्या भुकेने जाऊ नका. शिंजुकुमध्ये १९५० पासूनचं ‘रानबुरु’, तळघरात सुमारे दोनशे खुर्च्या, त्यामुळे गर्दीतही जागा मिळायची शक्यता बरी. क्योतोत १९३२ पासूनचं ‘स्मार्ट’, दुपारचं जेवण वरच्या मजल्यावर मिळतं, खालच्या रांगेत उभं राहण्याआधी तसं सांगा. ओसाकात दोतोनबोरीजवळ १९४६ पासूनचं ‘अमेरिकन’. नागोयात १९४७ पासूनचं ‘कोनपारु’, तळलेल्या कोळंबीच्या सँडविचसाठी. तिथे गार कॉफी मागवली तर गरम कॉफीचा कप आणि बर्फाचा पेला वेगवेगळे येतात. आधी साखर गरम कपातच विरघळवा, मग एका दमात बर्फावर ओता. हळूहळू ओतली तर बर्फ वितळून कॉफी पाणचट होते.

ही नावाजलेली दुकानं आहेत, त्यामुळे सर्वांत स्वस्त नाहीत. परवडणारं जेवण हवं असेल तर ज्या स्टेशनवर मुक्काम आहे तिथल्या मागच्या गल्लीत साडेअकराला एक चक्कर मारा. काचेच्या कपाटात धूळ नसलेले खोटे पदार्थ, बाहेर आजच्या तारखेचा फळा, आणि आत एकटी जेवणारी शेजारपाजारची म्हातारी माणसं, एवढं जुळलं की दार ढकला.